नंदी आणि पिंडीच्या मध्ये

पाताळेश्वराच्या देवळाच्या फाटकावरून मी नोकरीची सगळी वर्षं बसने गेले-आले, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. अस्सल पुणेकराचं असंच असतं. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला रिक्षात बसवून पाठवायचं, आपण मात्र ‘जाऊ कधीतरी’ म्हणायचं. आमचं हे ‘कधीतरी’ यंदाच्या हिवाळ्यात एकदम तातडीचं झालं. ह्यांच्या काचबिंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. कडेचं सगळं गेलंच होतं. दाराच्या फटीतून दिसावं तेवढंच समोरचं दिसायचं. परतताना रिक्षात हे म्हणाले, दिसतंय तोवर पाताळेश्वर बघून घेऊ. मी घाबरलेच, कारण हे देवभोळे अजिबात नाहीत. चतुर्थीचा उपास करतात तो साबुदाण्याच्या खिचडीसाठी.

सकाळीच गेलो. रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट चालू होता. ह्यांचा हात घट्ट धरून पायऱ्या उतरू लागले आणि अंगणातला तो गोल मंडप बघून पुढची पायरी सांगायलाच विसरले. हे अडखळले.

“देऊळ दाखवायला आणलंयस की पाडायला?”

मग मी वर्णन करू लागले. छत्रीसारखं गोल छत, खाली जाडजूड चौकोनी खांब, आणि सांधा कुठेही नाही. हे देऊळ बांधलेलं नाही, अख्ख्या कातळातून कोरून काढलेलं आहे. बांधकामात चुकलेली वीट काढून दुसरी बसवता येते. इथे घाव चुकला तर उडालेला दगड परत कोण चिकटवणार? हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी उघड्या कातळावर उभं राहून ठरवलं असेल, की इथला दगड खांब म्हणून ठेवायचा आणि भोवतालचा काढून टाकायचा. मला अजून डाळ किती भिजवावी याचा अंदाज येत नाही.

मंडपामागच्या लेण्यात गार होतं. उन्हातून आल्यामुळे ह्यांना काहीच दिसेना. एका खांबावरून हात फिरवत उभे राहिले. हाताला छिन्नीचे घाव लागतात म्हणाले. हे काम म्हणे अर्धवटच राहिलंय, असं मी सांगितलं, तर पुण्यातली कामं तेव्हापासून अशीच, असं पुटपुटले.

गाभाऱ्यासमोर नंदी आहे. त्याच्या शिंगांवर अंगठा आणि बोट टेकवून मधल्या फटीतून शंकराचं दर्शन घ्यायचं, ही आपली रीत. मी ह्यांना नंदीमागे नेऊन त्यांचा हात शिंगांवर ठेवून दिला. हे वाकले. बाकीच्यांना बोटांनी फट करावी लागते, माझी मी घरूनच आणलीय, म्हणाले. मला हसू आलं नाही. ह्यांना पिंड दिसू दे, एवढंच मी मनात म्हणत होते. अंधुक का होईना, पण दिसू दे.

डोळे सरावायला वेळ लागणार होता. तेवढ्यात मी बाजूला होऊन छत बघू लागले. डोक्यावर तो अखंड काळा दगड, वर झाडं, आणि त्याखाली आम्ही दोघं, कुणीतरी जपून मोकळ्या केलेल्या जागेत. बघता बघता कुठवर गेले ते माझं मलाच कळलं नाही.

“अगं,” ह्यांचा आवाज आला.

वळून बघते तर मी नेमकी नंदी आणि पिंडीच्या मध्ये. या दोघांच्या मधून जाऊसुद्धा नये, हे लहानपणापासून ऐकत आलेली मी, तिथे ठाण मांडून उभी होते. घाईने बाजूला झाले.

“दिसली का पिंड?”

“नाही. तू दिसलीस. पिवळी साडी, मान वर, तोंड उघडं.”

“आता सरकलेय मी. बघा ना पुन्हा.”

हे तसेच वाकलेले होते. बोटं शिंगांवरच होती.

“परत तिथेच उभी राहा जरा. तोंड इकडे कर.”

रीत मला ठाऊक होती. मागे दर्शनाला आलेलं कुणीतरी थांबलेलंही दिसत होतं. तरी मी मध्ये गेले, देवाकडे पाठ केली आणि ह्यांचं बघून होईपर्यंत हलले नाही.