सूर धरणारा

आखातातल्या अदलिया वस्तीत, एका व्हिलात आम्ही चौघे हौशी वादक जमायचो. मी बासरीवर, बाकीचे तिघे क्लॅरिनेटवर. स्कॉटलंडची एक जुनी लोकधून मी आमच्यासाठी बसवत होतो. ती मूळची बॅगपाइपची, म्हणून खाली एक सूर अखंड हवा. तो धरणारा श्वासासाठी थांबला की सगळं विस्कटायचं.

आम्हाला आणणारा व्हॅनचा ड्रायव्हर दाराशी चपला काढून, डोळे मिटून ऐकायचा. कोकणातल्या गावी, देवळात तो सनईमागे सूर धरायचा.

एकदा म्हणाला, "काका, एकाचा दम खलास होणारच. दोघांना द्या. पहिल्यानं सोडायच्या आधी दुसऱ्यानं धरायचा."

"तुम्ही असंच करायचात?"

"व्हय. सूरवाल्याचं नाव कोण विचारत नाय. थांबला की मात्र सगळे वळून बघतात," तो हसला.

तसं केलं आणि धून उभी राहिली. कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारलं, "ही युक्ती कुणाची?" मी म्हणालो, "माझी." ड्रायव्हर मागेच उभा होता. पुढच्या महिन्यात तो कायमचा गावी गेला.

आज चारही वादकांच्या स्वरलिपीच्या कागदांवर, धून बसवणारा म्हणून असलेल्या माझ्या नावाच्या वर, मी शाईनं लिहिलं: 'सुराची बांधणी आमच्या ड्रायव्हरची. त्यांचं नाव मी विचारलं नाही.'