ब तुकडीचे पेपर

मी इतिहासाची बाई. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला एका मराठी शाळेत गेली कित्येक वर्षं हायस्कूलला शिकवते. स्टाफरूममध्ये माझा विषय निघाला की लोक म्हणतात, "बाई शांत आहेत हो. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत." ऐकून बरं वाटायचं. खरं तर मी शांत वगैरे कधीच नव्हते. बोलत नव्हते, एवढंच. आणि न बोलणाऱ्या माणसाला किती जळता येतं, ते मला गेल्या वर्षी कळलं.

नववीच्या दोन तुकड्या. अ माझी, ब तिची. ती म्हणजे आमच्याकडे नव्याने आलेली इतिहासाची शिक्षिका. माझ्याहून बरीच लहान, जवळच्या निर्मळ गावची, केळीच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरातली. स्कूटरवरून यायची, पुढच्या हुकाला कधी केळफूल, कधी अळूची जुडी, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणालाही देऊन टाकायची. मुलं मला 'बाई' म्हणतात. तिला 'मिस' म्हणायला लागली. बाई ही हाक मुलं जागेवर उभी राहून मारतात. मिस ही हाक धावत यायची.

माझी लेक ब मध्ये. शिक्षिकेचं मूल तिच्याच वर्गात बसवायचं नाही, हा शाळेचा रिवाज. तो मीच एके काळी मीटिंगमध्ये उचलून धरला होता.

माझा गृहपाठ म्हणजे धड्याखालचा स्वाध्याय. एका वाक्यात उत्तरे, टिपा, सकारण स्पष्ट करा. मुलं गाईडमधून उतरवतात, मी सही करते, पुढचा धडा. यात काही गैर आहे असं मला वाटत नव्हतं. पोर्शन वेळेत संपायचा, घटक चाचणीत मुलं पास व्हायची. ब चा गृहपाठ मात्र वेगळाच. 'इतिहासाची साधने' हा पहिलाच धडा, त्यावर मिसने सांगितलं, घराजवळची एखादी जागा घ्या, ती पूर्वी काय होती ते एखाद्या मोठ्या माणसाला विचारा, ऐकलेलं लिहून आणा. झालं. वसईच्या होळी बाजाराकडची पोरं भाजीच्या मळ्यांच्या गोष्टी घेऊन आली. कुणी आजोबांनाच शाळेत आणलं. मधल्या सुट्टीत डबे बाजूला आणि पोरं एकमेकांना होमवर्क वाचून दाखवतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. होमवर्क! माझ्या वर्गातली एक धिटुकली मला म्हणाली, "बाई, आपल्याला पण ब सारखा अभ्यास द्या ना."

"आणि धडे कोण पुरे करणार? तुझे आजोबा?"

वर्ग हसला. ती खाली बसली. मलाही क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.

घरी मी वाट बघत होते. आमचं घर आचोळ्यात, तिसऱ्या मजल्यावर. लेक मला काहीतरी विचारायला येईल, मी इतिहासाची बाई, तिची आई, आणखी कुणाला विचारणार? काय सांगायचं याची तयारीही मी करून ठेवली होती. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला अजून भातशेती होती, पावसाळ्यात बेडूक जिन्यात यायचे, हे सगळं. रविवारी ती आणि तिच्या बाकावरची मैत्रीण अशा दोघी मिसच्या घरी निर्मळला जाऊन आल्या. मिसच्या आजीला विचारायला.

"घरात कुणी नव्हतं का विचारायला?" मी कणीक मळता मळता सहज विचारावं तसं विचारलं.

"अगं, इथलं माणूस पाहिजे होतं. तू कुठे इथली? तू गिरणगावातली, बाबा कोकणातले."

"मग इतकी वर्षं मी कुठे राहते?"

"तसं नाही गं आई. तुला बावखल माहितीय का?"

माहीत होतं. वाडीतलं मोठं तळं, ज्यात पावसाचं पाणी साठवून वर्षभर बागायत शिंपतात. पण ती इतक्या उत्साहाने सांगायला लागली, आजीने रहाटाचं गाणं म्हटलं, संध्याकाळी तेर्स झाल्यावर त्या लोकांनी आम्हाला जेवायलाच बसवलं, तेर्स म्हणजे त्यांची माळेची प्रार्थना, माहितीय? मी म्हटलं, नाही, माहीत नाही. काहीच माहीत नाही असं म्हणून कणकेला पाणी लावत बसले. तिने येताना सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणली होती, केळीच्या पानात बांधलेली. मी ती फ्रिजमध्ये मागे सारली, आणि कुणी खाल्ली नाही तेव्हा बुरशी आली म्हणून टाकून दिली. बुरशी आली नव्हती.

सहामाही झाली. आमच्याकडे सहामाहीला गठ्ठे बदलतात. अ चे पेपर ब ची शिक्षिका तपासते, ब चे अ ची. आपल्या मुलांना कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून. ब च्या गठ्ठ्यातून लेकीचा पेपर मी सर्वांदेखत बाजूला काढला आणि मिसच्या टेबलावर ठेवला. नियम म्हणजे नियम. बाकीचा गठ्ठा घरी आणला.

तिसऱ्या प्रश्नात 'मौखिक साधने जपणे गरजेचे असते' हे विधान सकारण स्पष्ट करायचं होतं. तीन गुण. याचे मुद्दे मला झोपेतून उठवलं तरी येतात. ओव्या, लोकगीते, म्हणी, लोककथा कुठे लिहिलेल्या नसतात. त्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत येतात. त्यातून लोकजीवन समजते. जपल्या नाहीत तर नष्ट होतात. मुद्द्याला टिक, टिकेला गुण. ब च्या पोरांनी मुद्दे पाडलेच नव्हते. कुणी मळ्याचं लिहिलेलं, कुणी विहिरीचं. आणि लेकीच्या बाकावरच्या मुलीने लिहिलं होतं: 'निर्मळच्या आजीचे बावखल बुजवून तिथे इमारत झाली. ते बावखल आता फक्त आजीच्या गोष्टीत आहे. आजी गेली की ते दुसऱ्यांदा बुजेल. म्हणून मौखिक साधने जपायला हवीत.'

हे मी दोनदा वाचलं. इतकी वर्षं पेपर तपासते आहे, असं उत्तर माझ्या गठ्ठ्यात कधी आलं नव्हतं. हेही मला त्याच क्षणी कळलं. मी समासात लिहिलं 'मुद्दे नाहीत' आणि एक गुण दिला. पुढच्याला एक. त्याच्या पुढच्याला अर्धा. हात चालत राहिला. कुणी पाहिलं असतं तरी काही म्हणू शकलं नसतं, मी उत्तरपत्रिकेच्या नमुन्याप्रमाणेच तपासत होते. तीच तर गंमत होती.

मिसने तपासलेला माझ्या वर्गाचा गठ्ठा परत आला, तर प्रत्येक पेपरावर पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी होतं. 'बरोबर. पण तुला स्वतःला काय वाटतं?' 'हे उदाहरण कुठून मिळालं?' माझी पोरं, माझी, वर्गात पेपर मिळाल्यावर गुण न बघता आधी ते पेन्सिलीचे शेरे वाचत होती.

लेक घरी आली ती दप्तर आपटूनच.

"तू माझा पेपर चेक केलास?"

"नाही. तुझ्या मिसने."

"मग सांग ना येऊन वर्गात! सगळ्या बोलतायत, तुझं काय बाबा, तुझं घरचं दुकान आहे. मला तीनपैकी तीन आणि तिला एक. आमचं उत्तर सेम आहे आई. सेम! आम्ही दोघी एकत्र गेलो होतो ना आजीकडे."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांचे कापले, आणि जिचा पेपर नियमाने बाजूला काढला तीच एकटी वर राहिली. ब मध्ये पहिली. इतिहासाच्या बाईंची मुलगी.

"मी नमुन्याप्रमाणे तपासलेत," मी म्हटलं.

"मग मिसनी चुकीचे तपासले?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"मग कुणीतरी चुकलंय ना!"

मी कुकर लावायला उठले.

तिच्या मैत्रिणीने बाक बदलला. लेक डबा एकटी खायला लागली, आणि मला सांगेनाशी झाली. मला ते इतर शिक्षकांकडून कळायचं. मी स्वतःची समजूत घालत होते, चार दिवसांत विसरतील, मुलंच ती.

मग एका संध्याकाळी ती अभ्यासाला बसली असताना मी मागून डोकावले. वहीत एकाखाली एक आकडे टाकून मुद्दे लिहिलेले. एक, ओव्या, लोकगीते. दोन, पिढ्यान्‌पिढ्या.

"हे काय?"

"मिसनी लिहून दिलंय. त्या म्हणाल्या, माझं चुकलं, मी तुम्हाला परीक्षेत कसं लिहायचं ते शिकवलंच नाही. आता पाठ करायचं, मग गुण जाणार नाहीत." ती वर न बघता लिहीत होती. "तो विचारायचा होमवर्क बंद."

शब्द न् शब्द माझा होता. म्हणजे मी जिंकले होते. ज्याच्यावर जळत होते ते विझलं होतं, आता दोन्ही तुकड्या सारख्या, कुणी मधल्या सुट्टीत होमवर्क वाचणार नाही. लेकीची मान खाली, पेन चालू, चेहऱ्यावर काही नाही. माझ्या वर्गातली मुलं उतरवताना अशीच दिसतात. इतकी वर्षं मी त्याला एकाग्रता समजत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिसला सायकल स्टँडपाशी गाठलं. ती हेल्मेट घालत होती. स्टाफरूममध्ये बोलायची माझी हिंमत नव्हती.

"ब चे पेपर मी मुद्दाम कापले," मी म्हटलं. एवढं एकच वाक्य ठरवून आले होते.

तिला आधी कळलंच नाही. "अहो बाई, नाही, मुद्दे नव्हतेच ना त्यांत."

"मुद्दे होते. मला दिसले होते. मला तुझं बघवत नव्हतं."

तिने हेल्मेट काढलं. मला वाटलं आता ती 'जाऊ द्या हो बाई' म्हणेल, आणि मी सुटेन. ती तसं म्हणाली नाही. तिचे कान लाल झाले.

"मी रडले हो, बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, मला शिकवताच येत नाही. घरी सांगितलं, नोकरी सोडते म्हणून." मग हेल्मेट परत घालत, "मला सांगून काय उपयोग? पोरांना सांगा."

"सगळ्या वर्गासमोर?"

"गुण कुणासमोर गेले?"

स्कूटर चालू करून ती निघून गेली. त्या दिवशी हुकाला काही नव्हतं.

मुख्याध्यापकांना सांगून मी ब चा गठ्ठा परत काढला. ते एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्याकडून?" मग गुण दुरुस्त करून मी ब वर गेले. वर्गात उभं राहून मी जे बोलले ते काही मोठं भाषण नव्हतं. म्हटलं, तुमची उत्तरं बरोबर होती, मी रागाच्या भरात गुण कापले, राग तुमच्यावर नव्हता, आणि ज्या एका मुलीचा पेपर मी तपासला नाही तिच्यावर तुम्ही उगाच ठपका ठेवलात, तो माझा आहे. लेक बाकाकडे बघत होती. तिला आत्ता जमीन दुभंगावी असं वाटत असणार.

मागून एक मुलगा उभा राहिला. "बाई, म्हणजे माझे किती वाढणार?"

"दीड."

"येस!" म्हणून तो बसला, आणि सगळे हसले. मुलं अशी असतात. पण बाकावरची ती मैत्रीण हसली नाही. तिने पेपर घेतला, नवीन गुण बघितले, मला म्हणाली, "थँक्यू बाई," आणि तो घडी करून दप्तरात ठेवला. तिचं 'थँक्यू' मला अजून कुठेतरी टोचतं. ती परत लेकीशेजारी बसायला लागली, पण त्याला दिवाळीची सुट्टी उलटून जावी लागली.

घरी लेक दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. मग म्हणाली, "मिसवर जळायचीस तू? खरंच?"

"हो."

"ई. आई!"

"हो."

एवढंच. पण त्यानंतर ती माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. रागाने नव्हे, मी आहे हे तिला आत्ताच कळलं असावं, अशा नजरेने.

ब चा होमवर्क पुन्हा सुरू झाला. अ ला मीही देऊन पाहते. माझ्या हातून तो तसा होत नाही. मुलं विचारून येतात, पण मी मध्येच मुद्दे काढायला लागते. आणि हेवा गेला म्हणाल तर गेलेला नाही. जिन्यात 'मिस, मिस' ऐकू आलं की अजून मी वळून बघते, किती पोरं धावली ते.

मागच्या महिन्यात लेक वही घेऊन स्वयंपाकघरात आली. ती आता दहावीला, मिसही वर दहावीला आलेली.

"आई, बस ना जरा. विचारायचंय. घरातल्या कुणाच्या तरी शाळेतला इतिहासाचा तास कसा होता, ते."

"कुणाच्या तरी?"

"तुझ्या गं."

मी गॅस बंद केला. सांगितलं तिला. आमच्या बाई फळ्यावर उत्तरं लिहायच्या, आम्ही उतरवायचो, चाचणीत जिचा एक शब्द चुकेल ती उभी. मी कधी उभी राहिले नाही. एकदाही काही विचारलंही नाही. पहिली यायची मी, आणि घरी येऊन त्या धड्यातलं काही कुणाला सांगावं असं मला कधी वाटलं नाही. लेक लिहीत गेली. मध्ये थांबून विचारायची, "मग तुला इतिहास का आवडला?" मी म्हटलं, "माहीत नाही. गुण मिळायचे." तेही तिने लिहिलं.

वही तपासून आली त्या दिवशी ती क्लासला गेली होती. मी टेबलावरची वही उघडली. चोरून नव्हे, पण ती घरात नव्हती हेही खरं. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने, त्या बारीक अक्षरात, लिहिलेलं होतं: 'त्यांना अजून विचारत जा.'

मी ते उभ्या उभ्याच वाचलं. मग बसून परत वाचलं.