सोपानरावांचं भाषण

टाकवे बुद्रुकच्या यशोधराने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तळेगावच्या एका कारखान्यात काही वर्षं सर्किटं तपासली आणि मग नोकरी सोडून लोणावळ्याच्या बाजारात छोटंसं दुकान टाकलं. भंगारातून आणलेल्या व्हीसीआरचे भाग जोडून तिने एक चालता केला. लग्नं, बारशी, जत्रा, जे जे कॅसेटवर अडकून पडलेलं, ते ती कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये द्यायची.

"ही पोरगी भुतं उतरवते," शेजारचा चिक्कीवाला आदिनाथ गिऱ्हाइकांना सांगायचा.

"उतरवते, पण हाकलत नाही. घरी पाठवते," यशोधरा आतूनच ओरडायची.

एके दिवशी कुरवंड्याच्या सरूबाई फडक्यात बांधलेली कॅसेट घेऊन आल्या. त्यांची लेक सविता गावातली पहिली नर्स झाली, तेव्हा देवळासमोर तिचा सत्कार झाला होता. त्याचं ते शूटिंग. सविताचे वडील सोपानराव म्हणजे चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, पण त्या दिवशी ते माइकवर बोलले होते. आता ते राहिले नव्हते. "आमचे मालक अर्धा तास बोलले," असं सरूबाई गावभर सांगायच्या आणि गाव हसायचं.

"म्हनत्यात, सोपान आन् भाशन? म्हशीनं अभंग म्हनला म्हन की! आता दाखवतेच एकेकाला."

"कॅसेट कुठे ठेवली होती, मावशी?"

"कनगीत. भातात."

"भातात?"

"मग कुटं? आमच्याकडं पावसाळ्यात पेटीतली लुगडी बी पांढरी पडत्यात. कनगीत कोरडं ऱ्हातं. सोन्याचे डाग बी तितंच ठिवते मी. कुनाला बोलू नको."

यशोधराने कपाळाला हात लावला. कॅसेटच्या फटींतून भाताचं तूस डोकावत होतं. तशीच लावली असती, तर फितीवर ओरखडे उठले असते आणि चित्र कायमचं गेलं असतं. तिने स्क्रू काढले, फितीची चाकं दिव्याखाली धरली आणि बघतच राहिली. लोणावळ्याच्या दमट हवेत बहुतेक कॅसेटांना पांढरी बुरशी धरलेली असायची. हिच्यावर टिपका नव्हता.

"मावशी, कणगीनेच वाचवलं हिला."

"मग कपाळ कशाला बडवून घेतलंस?"

मऊ ब्रशने तूस झाडायचं, फीत हाताने हळूहळू फिरवायची, कापडाने पुसायची, असं यशोधराचं काम आठवडाभर चाललं. शेवटी तिने ती चाकं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली आणि निरोप धाडला.

सरूबाई आल्या, सोबत सविताही. सोमाटण्याच्या दवाखान्यात ती आता मुख्य परिचारिका होती. ड्यूटीवरून तशीच आली होती, गणवेशात.

पडद्यावर पट्टे थरथरले. मग देऊळ दिसलं आणि टोपी घातलेला एक माणूस, दोन्ही हातांनी माइक आवळून धरलेला.

"मला बोलता येत न्हाई," सोपानराव म्हणाले. बराच वेळ गेला. "माज्या सविताला येतं. तिचं ऐका."

टाळ्या पडल्या. पण माइक काही सुटेना. शेवटी कुणीतरी त्यांचं धोतर ओढून त्यांना खाली बसवलं.

यशोधराने फीत पुढे पळवून पाहिली, पुढे भाषण नव्हतं. गावाला दाखवायला एवढंसंच निघालं.

"आये," सविता डोळे पुसत हसली, "अर्धा तास?"

सरूबाई ताठ झाल्या. "माइकवर बोलले का न्हाई?"

"बोलले."

"सगळ्या गावासमोर?"

"व्हय गं, आये."

"मग! मला तेवढं वाटलं, त्याला मी काय करू? त्यांनी बोलायचं ठरवलं, तितंच अर्धा तास गेला आसंल." त्या यशोधराकडे वळल्या. "पोरी, त्या चिक्कीवाल्याला हाक मार. आन् आवाज वाढव. परत लाव."

यशोधराने दुकानाचा दरवाजा सताड उघडला. "आदिनाथभाऊ, गल्ला सोडा आणि या! कुरवंड्याच्या सोपानरावांचं भाषण आहे!"