यूपीएसची जास्तीची वायर

ज्यांनी ज्यांनी मला बॅटरी बदलायचा सल्ला दिला, त्यांनी हे वाचाच.

मी लातुरात घरी बसून कोचिंगच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. यूपीएस असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट. मेकॅनिकनं यूपीएसचा प्लग काढून पाहिला, तर कॉम्प्युटर मस्त चालू. म्हणाला, "ताई, मशीनीत काहीच न्हाई."

आज भर दुपारी लाइट गेली आणि चाळीस प्रश्न उडाले. चिडून टेबलाखाली शिरले. यूपीएसमधून एक वायर खिडकीतून सासऱ्यांच्या खोलीत गेलेली. दिवस असो की रात्र, लाइट गेली रे गेली, की मामा तिच्यावर दोनशे वॅटचा पिवळा बल्ब लावतात. तेवढा भार यूपीएसला झेपत नाही. मेकॅनिकनं नुसता प्लग काढला तेव्हा घरात लाइट होती, म्हणून बल्ब बंद होता.

"मामा, हे कशाला?"

"भूकंपात अंधारात दार घावलं न्हाई, पोरी. तुझी सासू आतच राहिली."

लगेच एलईडी आणून दिला. त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला, परत दिला.

"जुन्यानं एकदाबी दगा दिला न्हाई. ह्यो ऐनवेळी लागला न्हाई तर?"

पेपर सकाळी द्यायचाय. वायर काढायला पुन्हा टेबलाखाली वाकले आणि तशीच वर आले.

तुम्ही काढली असती का?