काचेतला शेअर

...आणि काच फुटली तरी फकिरा थांबला नाही, इथपर्यंत काल आलो होतो. नूरमोहम्मदची मान बगलेत दाबून त्यानं त्याला दुकानाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरफटत नेलं. खिळ्यांवरचे लग्नाचे फोटो धडाधड खाली येत होते. त्यातला एक नवरदेव नूरमोहम्मदच्या हाताला लागला, तो त्यानं तसाच फ्रेमीसकट फकिराच्या टाळक्यात घातला. लाकडाची चौकट गळ्यात अडकली अन् रक्ताची धार नाकावरून मिशीत उतरली. मी सोडवायला मधी पडलो, तर कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं. हा पुढचा दात नाही ना, तो तिथंच औरंगपुऱ्यात राहिला.

काल एक सांगायचं मात्र भरात राहून गेलं. हे दोघं वैरी नव्हते. एका तालमीतले, एका ताटात जेवणारे दोस्त.

फकिरा आमच्या वेरूळकडचा. पोलीस ॲक्शन झाली त्या साली जन्मला, म्हणजे ही गोष्ट ब्याण्णवची तर तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा. शिवरात्रीच्या जत्रेत त्यानं लोळवलेली माणसं मोजायला माझी शाळा पुरायची नाही. पुढं शहरात येऊन त्यानं चार म्हशी बांधल्या अन् सायकलवर पुंडलिकनगरात दुधाचा रतीब घालायला लागला. नूरमोहम्मदनं औरंगपुऱ्यात फोटोला फ्रेमी करायचं दुकान टाकलं. दोघांच्या मानेवर मांस सारखंच, अक्कल मात्र थोडी नूरमोहम्मदकडं जास्त.

रतीबाच्या घरातल्या एका बँकेच्या साहेबानं फकिराला शेअरची वाट दाखवली. दहा रुपयांना एक असे पाचशे शेअर, कुठल्याशा पंपाच्या कंपनीचे. फकिरानं एक म्हैस विकली अन् फॉर्म भरला. बायको आवडाबाई म्हणाली, "म्हैस दूध तरी देत होती. ह्या कागदाची धार काढता का आता?"

पण कागदानंही दूध दिलं की! दहाचे चाळीस झाले, चाळीसचे नव्वद. औरंगपुऱ्यातच एका जिन्याखाली काकासाहेब नावाचा दलाल बसायचा, मुंबईहून फोन आला की खडूनं फळ्यावर भाव लिहायचा. नव्वद लिहिले त्या दिवशी फकिरानं काकासाहेबाला आनंदानं डोक्यावर उचललं अन् आनंदातच खाली सोडलं. खांद्याचं हाड सरकलं. महिनाभर बिचारा डाव्या हातानं भाव लिहीत होता, तीन लिहिले का आठ ते कळायचं नाही. आणि भाव उतरला की? मग विचारू नका. दोन रुपयांनी उतरला तर दुधाचा कॅन लाथेनं गटारात. सात रुपयांनी उतरला त्या सकाळी त्यानं म्हशीला डोक्यानं टक्कर दिली. म्हैस हलली नाही, हा चक्कर येऊन शेणात बसला. चढलं तरी माणसं लंगडायची, उतरलं तरी लंगडायची. आम्ही त्याच्याजवळ जाताना आधी लांबूनच विचारायचो, "पैलवान, आज किती?"

आवडाबाईला मात्र ह्या सगळ्यातून एकच पाहिजे होतं. भाड्याच्या दोन खोल्या, अन् मालक रोज शेणावरून आईमाईचा उद्धार करायचा. पुंडलिकनगरात तिनं एक प्लॉट बघून ठेवला होता. प्लॉटच्या मालकानं शब्द दिला होता, अकितीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत थांबतो, पुढं नाही. अन् पाडव्याला भाव दोनशेवर गेला. प्लॉट घेऊन वर दोन खोल्या उठतील एवढे पैसे झाले.

"इका आता," ती म्हणाली.

"आवडे, पाठ लागल्याबिगर पकड सोडायची नसती."

"कुणाची पाठ? त्याची का आपली?"

पाडव्याला गुढीपुढं त्यानं तो शेअरचा कागद ठेवला, हळदकुंकू वाहिलं अन् दुसऱ्या दिवशी नूरमोहम्मदकडं नेला. घरात भिंतीवर कुस्तीची तीन प्रशस्तिपत्रकं होती, त्यांच्या शेजारी चौथं लावायचं म्हणून. म्हणाला, "नूऱ्या, असं बसव की नातवापतूर हलला नाय पाहिजे." नूरमोहम्मदनं जिवाभावाचं काम केलं. पाठीला प्लायवूड, त्यावर सरस, त्यावर कागद, वर जाड काच. पैसे घेतले नाहीत. दोघांनाही वाटलं, जिंकलेली वस्तू आहे, भिंतीवर राहणार. शेअर विकायचा तर तोच कागद घेणाऱ्याला द्यावा लागतो, हे तालमीत कोण शिकवतं?

फ्रेम वाळायला दुकानातच होती. आठ दिवसांनी भाव दोनशे दहा झाला अन् आवडाबाईचा धीर सुटला. तिनं मुसळ उचललं अन् पैलवानाच्या गुडघ्यावर हाणलं. "आज नाय इकला तर दुसरा पाय!" फकिरा लंगडत काकासाहेबाकडं गेला. काकासाहेब म्हणाला, "कागद आणा." फकिरा लंगडत दुकानात गेला.

नूरमोहम्मदनं काच काढली, नखानं कोपरा उचलून पाहिला, अन् त्याचा चेहरा पडला. "नहीं निकलता रे फकीर. मैं तो मोहब्बतसे चिपकाया."

पाण्याची वाफ दिली. कागद निघाला, पण कंपनीचा शिक्का अन् नंबर प्लायवूडलाच राहिले. काकासाहेब म्हणाला, दुसरा कागद मागवावा लागेल, स्टँपपेपर, पेपरात जाहिरात, दोन-तीन महिने. तरी फकिरा भडकला नाही. नूरमोहम्मदला चहासुद्धा पाजला.

अन् मग बाजार पडला. मुंबईत काय घोटाळा झाला ते पेपरात येत होतं, आम्हाला फळ्यावरचा खडू तेवढा कळायचा. एकशेऐंशी. एकशेचाळीस. नव्वद. फकिरानं न्हाणीचं दार उखडलं. रतीबाच्या एका गिऱ्हाईकानं दुधात पाणी म्हटलं, तर त्याला जिन्यावरून खाली ढकलून दिला. रोज काकासाहेबाकडं जायचा, शेजारी नूरमोहम्मद मान खाली घालून उभा. अकितीच्या आदल्या दिवशी फळ्यावर साठ लागले, अन् तिकडून निरोप आला की प्लॉट कुणी मास्तर घेतोय. फकिरा तसाच निघाला. सरळ नूरमोहम्मदच्या दुकानात शिरला अन् आतून कडी घालायला वळला, तेवढ्यात मी पाठोपाठ घुसलो, अन् माझ्यामागं कडी पडलीच. पुढचं काल सांगितलंच.

पोलिसांनी दार तोडलं. घाटी दवाखान्यात फकिराला अकरा टाके, नूरमोहम्मदच्या दोन बरगड्या गेल्या. खाटा नेमक्या शेजारी-शेजारी. जमादार विचारायला आला, कोणी मारलं? दोघांनी एकदम सांगितलं, जिन्यावरून पडलो. "एकाच जिन्यावरून?" तर म्हणे, हो.

आवडाबाई दुपारी भाकरी अन् पिठलं घेऊन आली. आधी नूरमोहम्मदला घास भरवला. मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "प्लॉट गेला. आता ऱ्हावा हितंच, खाट तर फुकट हाय." आवाज चढवला नाही. डोळ्याला पदर लावला अन् डबा धुवायला नळाकडं गेली. तेव्हा मात्र फकिरा भिंतीकडं तोंड करून हुंदके द्यायला लागला. एवढा गडी, खाट हलत होती.

नूरमोहम्मदला इंजेक्शननं झोप लागली होती. मी हलकेच म्हणालो, "फकिरा, त्यानं मायेनं केलं रे. त्या दिवशी कागद मोकळा असता तर इकून प्लॉट झाला असता, पण म्हणून दोस्ताला मारायचं?"

त्यानं तोंड पुसलं, नळाकडं एकदा बघितलं अन् म्हणाला:

"नसता इकला, भाऊ. त्या दिशी फळ्यावर आणखी पाच रुपये चढले व्हते. कागद निघत नाय म्हणला, तवा मला आतून लई बरं वाटलं, म्हणलं चला, सुटलो, आता आवडी इकायला लावत नाय. मंग भाव पडत गेला अन् ते बरं वाटल्यालं रोज आठवाया लागलं. कुणाला तरी मारल्याबिगर ऱ्हाववंना, अन् मार खाऊन बी मला सोडून जाणार नाय असा त्यो एकटाच व्हता."