निळ्या तळव्यांची केस

डॉक्टरबाई त्या दिवशी सकाळपासून जमिनीवर नव्हत्याच. एका पेशंटला त्यांनी दोनदा तपासलं, दुसऱ्याच्या तोंडात थर्मामीटर देऊन त्याला नाव विचारलं. दुपारी चहात साखर घातली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातली. अठ्ठावन्नाव्या वर्षी असं बागडणं बरं दिसत नाही, असं त्यांच्या नवऱ्याला वाटत होतं, पण शहाण्या माणसाने तो पाकासारखा चहा मुकाट्याने संपवला.

कारणही तसंच होतं. शहरातल्या डॉक्टरांची दर महिन्याला सभा भरायची. अवघड पेशंट, नवं संशोधन, त्यावर वादविवाद. सव्वीस वर्षं बाई शेवटच्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होत्या. साध्या दवाखानेवाल्यांसाठी दहा मिनिटं राखून ठेवलेली असत, पण बोलायला कुणी उठत नसे. गेल्या महिन्यात अध्यक्षांनी, म्हणजे हृदयाच्या बड्या डॉक्टरांनी जाहीर केलं की ही दहा मिनिटं आता बंदच करू, सर्दीखोकला किती ऐकायचा. बाईंचं डोकंच सणकलं. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "पुढच्या सभेत मी केस मांडते. दम नसेल तर खुशाल बंद करा." मांडायला केस कुठून आणायची, हे बोलून खाली बसल्यावर सुचलं, तो भाग वेगळा.

आणि नशीब बघा, चारच दिवसांनी केस स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली. बसचा ड्रायव्हर. दोन्ही तळवे निळे. शेजाऱ्यांनी हृदयाचं निदान करून टाकलं होतं, त्यामुळे बिचारा अर्धमेला झालेला. बाईंनी पाहिलं तर ओठ गुलाबी, जीभ गुलाबी, रक्तातला ऑक्सिजन नव्याण्णव टक्के. दम लागत नाही, छातीत दुखत नाही. त्यांना वैद्यकीय मासिकात वाचलेले असेच दोन-तीन पेशंट आठवले. स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांनी तळवा पुसला. बोळा निळा झाला आणि तळवा स्वच्छ. नव्या गणवेशाच्या निळ्या पॅंटचा रंग जात होता आणि प्रत्येक सिग्नलला घामेजलेले हात मांडीवर घासायची या गृहस्थांना सवय होती.

बाईंचा बेत ठरला. आधी सगळ्यांनी हात बघायचे, मोठमोठी निदानं करायची आणि मग आपण बोळा काढायचा. "फोटो आणला तर म्हणतील, रंगवला. तुम्हीच या," त्यांनी ड्रायव्हरला बजावलं. "आणि हाताला साबण लावू नका."

त्या दिवशी संध्याकाळी सभेच्या दारात ड्रायव्हर नवराबायको हजर. गणवेशाची तीच पॅंट, इस्त्री केलेली, चापून बसवलेले केस, आणि तळवे लख्ख.

"हे काय?" बाईंनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले.

"मीच घासले, बाई," बायको कौतुकाने म्हणाली. "एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे असले हात घेऊन जायचं? आमची काही लाज आहे की नाही?"

चिडावं तर त्या माउलीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की बाईंना चिडताही येईना. दोघांना पहिल्या रांगेत बसवून त्या स्वतः मागे जाऊन बसल्या. पुढचा पाऊण तास यकृतावर कोण काय बोललं ते त्यांना विचारू नका. दहा मिनिटं गेलीच, आणि तीही आपल्या हाताने, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"आता आपल्या डॉक्टरबाई," अध्यक्ष हसू दाबत म्हणाले. बाई पुढे गेल्या. सांगायला सुरुवात केली, पण आवाज कापत होता.

"म्हणजे तळवे निळे होते," अध्यक्षांनी मध्येच तोडलं. "आणि आज नाहीत. बाई, मग आम्ही बघायचं काय?" सभागृहात खसखस पिकली. अध्यक्ष उठले, ड्रायव्हरजवळ गेले आणि त्याला धीर देत त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "घाबरू नका हो. किती घाम आलाय तुम्हाला." मग कपाळावरचे केस मागे सारून ते सभेकडे वळले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांच्या कपाळावर चार निळी बोटं उमटली होती.

पाऊण तास तो भित्रा जीव पहिल्या रांगेत बसून दुसरं करणार तरी काय होता? मांडीवर हात घासत होता.

बाईंचा कापरा आवाज कुठल्या कुठे पळाला. त्यांनी पिशवीतून कापूस आणि स्पिरिटची बाटली काढली, अध्यक्षांना खुर्चीत बसवलं आणि दवाखान्यात रोज विचारतात तसं विचारलं, "वय?"

"त्रेसष्ट," अध्यक्ष चक्क उत्तरले.

"त्रास कधीपासून?"

"आत्ताच झाला."

"श्वासाला काही?"

"हसू आवरत नाही, डॉक्टर," असं म्हणून त्यांनी दोन्ही निळे तळवे बाईंपुढे धरले. सभागृह हसून हसून लोळायचं बाकी होतं. ड्रायव्हरची बायको तेवढी खाली मान घालून बसली होती. तिला वाटत होतं, आपण नीट घासले नाहीत.

बोळा निळा झाला. बाईंनी तो उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं केव्हाच संपली होती.

"मी आता थांबवू?" त्यांनी विचारलं.

"छे," अध्यक्ष कपाळ पुढे करत म्हणाले, "अजून हे राहिलंय."