हत्तीच्या सोंडेचा वेढा

मी पुण्याला निघाले तो नेमका बाजाराचा दिवस होता. यवतमाळकडच्या आमच्या गावात बाबांची जिलबीची कढई तापलेली, समोर गिऱ्हाईक उभं. ते स्टँडवर कसे येणार? एसटी बाजारावरून वळली तेव्हा त्यांनी पिठाचं फडकं धरलेला हातच वर केला. पीठ ओघळून कोपरापर्यंत आलं. माझ्या मांडीवर त्यांनी बांधून दिलेला पुडा होता. त्याच्या पाकानं चिकट झालेली ओढणी मी मुंग्या लागेपर्यंत धुतली नाही.

शाळा नववीतच सुटली होती. कढईशी बसले की मी नुसतं मनगट हलवायचे, जिलबी तुटायची. बाबा म्हणायचे, “काहून भिऊन रायली वं? मनगट नको हलवू, खांद्यातून फिरव. तेलात पडली का तिले वापस बोलावता येत नाही.”

गावातल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही विचारता, पुण्यात तू करतेस तरी काय? हडपसरला खोली आहे. शनिवार पेठेतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी बॅनरच्या कडांना दोरी ओवायच्या रिंगा मारायचे. मालकांना सगळे काका म्हणतात. मी रद्दीच्या पाठीवर चित्रं काढते हे पाहून त्यांनी एक जुना पेन टॅब्लेट, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र काढायची पाटी, माझ्यापुढे सरकवला. “धूळ खातोय. तुम्ही तरी काहीतरी खायला घाला त्याला.” एवढंच. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

मोबाइलवर व्हिडिओ बघून लेयर, ब्रश शिकले. पण सगळ्यात आवडलं ते अनडू. चुकलं की एक बटण दाबायचं, रेघ गायब! माझ्यासारख्या घाबरटाला आणखी काय हवं? झालं असं, की एकही रेघ मी पुरती ओढेना. तुकडे जोडायचे, पुसायचे, पुन्हा जोडायचे.

मग आमचा आर्टिस्ट काम सोडून गेला. एका बालवाडीच्या फ्लेक्सवरचा हत्ती त्या संध्याकाळी द्यायचा होता. काका म्हणाले, “बघू, जमतंय का. जमलं तर ती खुर्ची तुमची. नाहीतर रिंगा आहेतच.”

दुपारपर्यंत माझी सोंड काही होईना. काका मागे येऊन उभे राहिले. “अहो, आपण हत्ती काढताय की सुरवंट पाळताय? केवढे केस आलेत रेघेला!”

कान तापले. रडूच यायचं, पण ती गुंडाळलेली सोंड बघता बघता मला कढई दिसली. मी कोपर टेबलावरून उचललं. डावा हात अनडूच्या बटणावर होता, तो मांडीखाली दाबला. आणि खांद्यातून फिरवलं. एक वेढा, दुसरा वेढा, सुटली सोंड! किंचित वाकडी, पण जिवंत.

काकांनी चष्मा वर करून सोंड पाहिली. म्हणाले, “हं. उद्यापासून रिंगांना दुसरं कुणी बघावं लागणार.”

बाबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. “सोंड बराबर पडली. हत्ती कच्चा वाटते, अजून तळ.” हसता हसता आम्ही दोघंही नाकानं सूं सूं करत होतो.

चेहरे अजून जमत नाहीत. ती खुर्ची टिकेल ना, ही धास्ती रोज असते. घर कुठलं विचारलं तर गावाचंच नाव सांगते. पण पेन हातात घेऊन कोपर उचललं, की या टेबलावर माझ्यापुरता बाजार भरतो.